थिसिसचं इंग्रजी: लाल पेन उचलायच्या आधी काय बघायचं

माझ्याकडे पीएचडीवाले चॅप्टर घेऊन येतात, त्यातले काहीजण पंचविशीचे, काही चांगले चाळिशीतले, स्वतः कॉलेजात शिकवणारे, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "मॅडम, तेवढं ग्रामर बघून द्या." मी फाईल बाजूला ठेवते आणि विचारते की यात तुझं नवीन काय ते आधी मला मराठीत सांग. मग ते सांगतात, पाच मिनिटं, हातवारे करून, अगदी नीट सांगतात, आधीच्या लोकांनी काय केलं, कुठे राहिलं, याने काय केलं, काय निघालं. आणि गंमत म्हणजे त्या पाच मिनिटांतलं एकही वाक्य चॅप्टरमध्ये नसतं. चॅप्टरमध्ये भलतंच काहीतरी असतं, जड, गोल गोल, आणि हो, ग्रामरच्या चुकाही असतात, पण त्या सगळ्या काढून टाकल्या तरी ते चॅप्टर कळणार नाही असंच राहतं.

म्हणून हा लेख. थिसिसचं इंग्रजी सुधारायचं म्हणजे नक्की कुठे हात घालायचा, कुठल्या क्रमाने, आणि आपली मराठी त्यात कुठे मधे येते आणि कुठे चक्क मदत करते.

आधी एक मान्य करू, की यात पोरांची चूक कमी आहे. दहावीपर्यंत मराठी नाहीतर सेमी-इंग्लिश, पुढे बीएस्सी-एमएस्सी इंग्रजीत पण परीक्षेत उत्तरं नोट्समधली, त्यामुळे स्वतःच्या डोक्यातलं सलग चार पानं इंग्रजीत लिहायची वेळ पहिल्यांदा येते ती सिनॉप्सिसला, म्हणजे संशोधनाचा आराखडा मांडताना. २०१९ च्या शेवटी यूजीसीने कोर्सवर्कमध्ये रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स हा २ क्रेडिटचा, ३० तासांचा कोर्स सक्तीचा केला, चांगलं केलं, पण त्यात एथिक्स, बोगस जर्नलं, डेटाबेस, सायटेशनचे आकडे असं सगळं आहे, परिच्छेद कसा बांधायचा ते काही नाही. ते गाईडने शिकवायचं अशी समजूत, आणि गाईडला त्याच्या गाईडने शिकवलेलं नसतं.

तर सुरुवात इंट्रोडक्शनपासून, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो. शोधगंगा उघडा (गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ती साईट, देशभरातले थिसिस तिथे ठेवतात) आणि शेतीवरचे कुठलेही चारपाच थिसिस बघा, "अ‍ॅग्रिकल्चर इज द बॅकबोन ऑफ इंडियन इकॉनॉमी" हे वाक्य भेटणार म्हणजे भेटणारच, नाहीतर "सिन्स एन्शंट टाइम्स" तरी. ही वाक्यं खोटी नाहीत, पण वाचणारा परीक्षक हे पाचशेव्यांदा वाचतोय आणि त्याला एवढंच हवंय की तू कुठे उभा आहेस.

मिशिगन युनिव्हर्सिटीतले जॉन स्वेल्स यांनी हजारो मैल दूर बसून हाच प्रश्न सोडवला. त्यांनी वेगवेगळ्या विषयांतल्या पेपरांची इंट्रोडक्शन घेऊन बघितली आणि १९९० मध्ये नीट मांडलं की बहुतेक इंट्रोडक्शन तीन चाली खेळतात. पहिली चाल, हा इलाखा महत्त्वाचा आहे आणि इथे आतापर्यंत हे हे झालंय. दुसरी, पण इथे एक जागा रिकामी आहे. तिसरी, ती मी भरतोय, अशी. या मॉडेलला कार्स म्हणतात, क्रिएट अ रिसर्च स्पेस. मी मुलांना एसटीचं उदाहरण देते. गाडी कुठे चालली ते बघायचं, रिकामी सीट हेरायची, आणि खिडकीतून रुमाल टाकायचा. आपले थिसिस काय करतात, तर एसटी महामंडळाच्या स्थापनेपासून इतिहास सांगत बसतात आणि रुमाल टाकायचा राहून जातो.

समजा तुमचा विषय सोलापूरकडचं डाळिंब आणि त्यावरचा तेल्या रोग. नेहमीचं इंट्रोडक्शन भारतीय शेतीपासून निघतं, मग फळबागा, मग डाळिंबाचं मूळ इराणात, मग त्याचे औषधी गुण, आणि नवव्या पानावर तेल्या येतो. त्याऐवजी पहिलंच वाक्य तेल्याचं घ्या, की झँथोमोनास जातीच्या जीवाणूमुळे होणारा हा रोग डाळिंबाच्या बागा कशा बसवतो. मग फवारण्यांवर लोकांनी काय काय तपासलंय ते. मग "हाउएव्हर", की या अभ्यासांत बहुतेक फवारणीचा परिणाम मोजलाय, पण दोन-तीन एकरवाला शेतकरी ती फवारणी अर्ध्यात का सोडतो हे फारसं विचारलेलं नाही (हे मी उदाहरणापुरतं म्हणतेय, खरं काय ते तुम्ही लिटरेचर वाचून ठरवायचं). मग तुमचा रुमाल.

एक सोपी टेस्ट आहे. तुमच्या इंट्रोडक्शनमध्ये पहिलं "हाउएव्हर" किंवा "बट" किंवा "यट" कितव्या पानावर येतं ते शोधा. दहाव्यावर असेल तर आधीची आठ पानं बहुतेक उडवता येतात. आणि "नो स्टडी हॅज बीन डन" असं बेधडक लिहू नका, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर नेमका तोच माणूस बसलेला असतो ज्याच्या विद्यार्थ्याने तो स्टडी केलाय.

लिटरेचर रिव्ह्यूबद्दल थोडक्यात. अमुक, २०१०, स्टडीड. तमुक, २०१२, ऑब्झर्व्हड. ढमुक, २०१५, ओपाइन्ड. हे "ओपाइन्ड" कुठून आलं देव जाणे, बाहेरच्या जर्नलांत हा शब्द अभावानेच दिसतो आणि आपल्याकडे पानोपानी. अशी यादी म्हणजे रिव्ह्यू नाही, हजेरी आहे. माणसांप्रमाणे न लावता प्रश्नाप्रमाणे लावा, म्हणजे फवारणीने फरक पडतो म्हणणारे एकीकडे, पडत नाही म्हणणारे दुसरीकडे, आणि दोघांत फरक का आला असेल यावर तुमची दोन वाक्यं. त्या दोन वाक्यांसाठीच तर वाचणारा थांबलेला असतो. आणि क्रियापदं जपून, "शोज" म्हटलं की तुम्ही त्याचं म्हणणं मान्य केलं, "क्लेम्स" म्हटलं की तुम्हाला शंका आहे, "आर्ग्यूज" म्हणजे त्याने मुद्दा लढवला. ही तिन्ही क्रियापदं अदलाबदल करून "व्हरायटीसाठी" वापरायची नसतात.

आता वाक्याकडे येऊ, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय कारण मराठी माणसाची खरी अडचण आणि खरी ताकद दोन्ही इथेच आहे.

मराठीत क्रियापद शेवटी. "उपचार केलेल्या प्लॉटमध्ये साध्या प्लॉटच्या तुलनेत उत्पादनात वीस टक्के वाढ दिसून आली." छान वाक्य आहे, काही खटकत नाही. आता हेच इंग्रजीत कसं उतरतं बघा, "अ सिग्निफिकंट इन्क्रीज ऑफ ट्वेंटी पर्सेंट इन यील्ड इन द ट्रीटेड प्लॉट्स अ‍ॅज कम्पेअर्ड टू द कंट्रोल वॉज ऑब्झर्व्हड." ग्रामर बरोबर आहे, लाल पेन काहीच धरणार नाही. पण इंग्रजी वाचणारा कर्ता दिसल्यापासून क्रियापदाची वाट बघत असतो, आणि ते येईपर्यंत श्वास रोखून मधलं सगळं डोक्यात धरून ठेवतो, आणि शेवटी मिळतं काय तर "वॉज ऑब्झर्व्हड". जॉर्ज गोपेन आणि जुडिथ स्वान या दोघांनी १९९० मध्येच अमेरिकन सायंटिस्ट मासिकात हे मांडलं होतं, की कर्त्यामागोमाग क्रियापद आणा, आणि ज्यावर जोर द्यायचा ते वाक्याच्या शेवटी ठेवा कारण वाचणारा जोर तिथेच शोधतो. आपण जोर कुठे देतो? क्रियापदाच्या अगदी आधी. "हा प्रश्न पहिल्यांदा शेतकऱ्यांनीच मांडला", यात वजन "शेतकऱ्यांनीच" वर, आणि ते "मांडला" ला चिकटून बसलंय. म्हणजे तीच सवय इंग्रजीत नेली की महत्त्वाची गोष्ट वाक्याच्या पोटात जाते आणि शेपटीला "वॉज फाउंड", "हॅज बीन रिपोर्टेड" असलं काहीतरी लोंबतं. वरचं वाक्य फिरवा, "इन द ट्रीटेड प्लॉट्स, यील्ड रोझ बाय ट्वेंटी पर्सेंट." संपलं. "ऑब्झर्व्हड" म्हणायची गरजच नव्हती, तुमचाच प्रयोग आहे, बघितलं तुम्हीच.

त्याच दोघांची दुसरी गोष्ट म्हणजे जुनं आधी, नवं नंतर. वाक्याची सुरुवात वाचणाऱ्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टीने करा आणि नवीन माहिती शेवटाकडे द्या, मग ती नवीन माहिती पुढच्या वाक्यासाठी जुनी होते. आता हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, मराठीत आपण शब्द हवे तसे हलवतो. "हे पत्र आजोबांनी लिहिलं" आणि "आजोबांनी हे पत्र लिहिलं" यातला फरक शेंबड्या पोरालाही कळतो, पहिल्यात पत्राची गोष्ट चालू आहे, दुसऱ्यात आजोबांची. इंग्रजीत शब्द असे हलत नाहीत, हलवले की अर्थच उलटा होतो, म्हणून त्यांनी त्यासाठी पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) ठेवलंय. "तेल्या" बद्दल बोलत असाल तर "द डिसीज इज कॉझ्ड बाय अ बॅक्टेरियम. द बॅक्टेरियम स्प्रेड्स थ्रू रेन स्प्लॅश." पहिलं वाक्य पॅसिव्ह आहे आणि ते तसंच पाहिजे, कारण आपण रोगापासून निघून जीवाणूपर्यंत आलो आणि तिथून पावसाच्या थेंबांपर्यंत. त्यामुळे "पॅसिव्ह वापरू नका" हा जो सल्ला सगळीकडे फिरतो तो अर्धवट आहे. मेथड्समध्ये तर पॅसिव्ह सर्रास चालतं, बीकर कोणी उचलला याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं.

मग वाईट पॅसिव्ह कुठलं? तर सरकारी. "रस्त्याचे काम हाती घेण्यात येत आहे", "कारवाई करण्यात येईल". कोण करणार, कधी करणार, पत्ता नाही. थिसिसमध्ये याचंच इंग्रजी भावंड राहतं, "इन द प्रेझेंट इन्व्हेस्टिगेशन अ‍ॅन अटेम्प्ट हॅज बीन मेड टू कॅरी आउट द अ‍ॅनालिसिस ऑफ..." अहो, अटेम्प्ट कसला, केलंत की नाही? "वी अ‍ॅनालाइझ्ड" म्हणा. यामागे आपल्या भाषेची एक खोड आहे. मराठीत आपण नामाला "करणे" जोडून क्रियापद बनवतो, अभ्यास करणे, विश्लेषण करणे, तपासणी करणे, तुलना करणे. इंग्रजीत जाताना तीच जोडी जाते, "डिड द अ‍ॅनालिसिस", "कंडक्टेड द एक्झामिनेशन", "मेड अ कम्पॅरिझन", जेव्हा की तिथे अ‍ॅनालाइझ, एक्झामिन, कम्पेअर अशी धडधाकट क्रियापदं तयार बसलेली असतात. न्यूझीलंडच्या हेलन स्वोर्ड अशा नामांना झोंबी (चालती प्रेतं) म्हणतात, क्रियापदाचं रक्त पिऊन वाक्यात फिरणारी.

यावर माझा आवडता उपाय म्हणजे अ‍ॅक्नॉलेजमेंटचं पान उघडायला लावणं. खरं सांगते, अख्ख्या थिसिसमधलं सगळ्यात चांगलं इंग्रजी तिथे असतं, गाईडसाहेबांना दंडवत घालणारा पहिला परिच्छेद सोडून. खाली जिथे घरचे येतात तिथे. एकाने लिहिलं होतं, "माय फादर सोल्ड टू बफेलोज टू पे माय हॉस्टेल फीज." मी त्याला म्हटलं हे तू "द सेलिंग ऑफ टू बफेलोज वॉज कॅरीड आउट" असं का नाही लिहिलंस? आधी हसला, मग गप्प झाला, आणि मग स्वतःच तिसरं चॅप्टर ओढून घेतलं.

आणखी एक मराठी सापळा, "-ऊन". पानं वाळवून, कुटून, चाळून, पावडर केली. कर्ता एकच, त्यामुळे कितीही जोडा. इंग्रजीत "आफ्टर ड्राइंग, द स्टुडंट ग्राउंड द लीव्हज" लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर विद्यार्थीच उन्हात वाळत पडतो. "युझिंग अ क्वेश्चनेअर, द फार्मर्स वेअर इंटरव्ह्यूड", म्हणजे प्रश्नावली शेतकऱ्यांनी वापरली काय? इथे "वी" घाला आणि वरच्यात "आफ्टर ड्राइंग द लीव्हज" म्हणा, सुटतं.

आता ठामपणा किती दाखवायचा ही एक गोष्ट. "दिस प्रूव्हज दॅट" हे वाक्य थिसिसमध्ये दिसलं की परीक्षक सावध होतो, कारण चाळीस शेतकऱ्यांना विचारून काही प्रूव्ह होत नाही. मग मुलं उलट्या टोकाला जातात आणि प्रत्येक वाक्यात "मे", "माइट", "पॉसिबली" असं तिन्ही भरतात. मराठीत आपण हे किती सहज तोलतो बघा. सकाळी अंगण ओलं दिसलं तर म्हणतो "पाऊस पडला असेल". पागोळ्याही टपकतायत म्हणजे "पडला असावा". छत्र्या घेऊन लोक परततायत म्हणजे "पडला असणार". आणि स्वतः भिजलो तर "पडला". प्रत्येक पायरीला वेगळा पुरावा. इंग्रजीत या पायऱ्या साधारण "मे हॅव", "प्रॉबेबली", "मस्ट हॅव" आणि सरळ भूतकाळ अशा लावता येतात. तुमच्या प्रत्येक निष्कर्षासमोर पेन्सिलीने मराठीत असेल, असावा, असणार, आहे यातलं एक लिहा आणि मग इंग्रजी शब्द निवडा. हे कोणाला शिकवताना मी पाहिलेलं नाही, पण काम करतं.

आता ज्याची सगळ्यांना धडकी असते ते, सिमिलॅरिटी, म्हणजे तुमचा मजकूर आधी छापलेल्याशी किती टक्के जुळतो ते. यूजीसीचे २०१८ चे नियम असे की १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सबमिट करायलाच बंदी, आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. अवतरणात नीट श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भांची यादी, अनुक्रमणिका, अ‍ॅक्नॉलेजमेंट हे मोजताना वगळायचं असतं. याचा परिणाम काय झाला, तर पोरं १० चा आकडा गाठायला लिहितात, आणि त्यासाठी वाक्य उचलून त्यातले शब्द बदलतात, किंवा शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात. याचं टोक २०२१-२२ च्या सुमारास फ्रान्सचे कॉम्प्युटर सायंटिस्ट गिओम काबानाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवलं, छापून आलेल्या पेपरांत त्यांना "आर्टिफिशियल इंटेलिजन्स" चं "काउंटरफिट कॉन्शसनेस" आणि "ब्रेस्ट कॅन्सर" चं "बूझम पेरिल" झालेलं सापडलं! म्हणजे शब्द बदलले, टक्के उतरले, आणि अर्थाची वाट लागली.

पण याला सरसकट चोरी म्हणायला मी तयार नाही. दुसऱ्याच्या वाक्याचा सांगाडा ठेवून शब्द बदलण्याला रिबेका हॉवर्ड यांनी पॅचरायटिंग असं नाव दिलं, आणि त्यांचं म्हणणं असं की बऱ्याचदा हे अप्रामाणिकपणातून येत नाही, मूळ मजकूर पुरता न कळल्यामुळे येतं. माझाही अनुभव तोच. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे, पेपर वाचा, बंद करा, मोबाईलवर मराठीत स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा की यात काय म्हटलंय, दुसऱ्या दिवशी ते ऐकून इंग्रजीत लिहा, आणि मग मूळ पेपर उघडून आकडे जुळवा. मधे मराठी आली की इंग्रजी सांगाडा आपोआप मोडतो. जमत नसेल तर पेपर कळलेला नाही, परत वाचा. हां, साचेबंद तुकडे मात्र घ्यायला हरकत नाही, "द एम ऑफ दिस स्टडी वॉज टू" हे कोणाच्या मालकीचं नाही. मँचेस्टर युनिव्हर्सिटीचं अ‍ॅकॅडेमिक फ्रेजबँक हे अशाच तुकड्यांचं दुकान आहे, ऑनलाइन फुकट बघता येतं.

चॅटजीपीटीचं विचारतात सगळे. २०२२ च्या नोव्हेंबरात ते आलं आणि त्यानंतर रिसर्च पेपरांत "डेल्व्ह" हा शब्द एकदम इतका वाढला की त्यावरच अभ्यास झाले. बहुतेक प्रकाशक म्हणतात एआयला लेखक म्हणून दाखवता येणार नाही आणि वापरलं असेल तर सांगा. माझं मत असं, की आर्टिकलं ("अ", "द") आणि स्पेलिंग दुरुस्त करायला घ्या, नियमात बसत असेल तर, पण परिच्छेद लिहून घेऊ नका, कारण ते तुमच्या "असावा" चं बिनदिक्कत "आहे" करून टाकतं आणि तुम्हाला इंग्रजी गुळगुळीत दिसतंय म्हणून कळतही नाही. व्हायवाला उत्तर तुम्ही देणार आहात.

दोन शब्द गाईड लोकांसाठी, आणि माझ्यासारख्या मदत करणाऱ्यांसाठी. पहिल्या ड्राफ्टला स्वल्पविराम लावत बसू नका. जे पान पुढे उडवायचंच आहे त्यातले "द" आणि "अ" दुरुस्त करण्यात तास घालवला की विद्यार्थ्याला वाटतं पान पास झालं. पहिल्या वाचनात फक्त मार्जिनमध्ये प्रत्येक परिच्छेदासमोर एक ओळ लिहा, मराठीत, "इथे हा म्हणतोय की अमुक". जिथे ओळ लिहिता येत नाही तिथे खूण. त्याहून चांगलं म्हणजे हे विद्यार्थ्यालाच करायला लावा. आणि नुसतं "रीराइट" असं लिहून फाईल परत देऊ नका, त्या एका शब्दावर पोरं महिनाभर रडतात, मी बघितलंय.

सगळ्यात शेवटी ग्रामर, तेव्हा आर्टिकलं. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे कधीच शंभर टक्के जमणार नाहीत, हे सोडून द्या. एक जुगाड सांगते, नामाआधी मनात "तो आपला आधीचा" लावून बघा. "तो आपला आधीचा प्लॉट" जमतंय का, मग "द प्लॉट". "कुठलातरी एक प्लॉट" असेल तर "अ प्लॉट". दहापैकी सात वेळा बरोबर येईल. रिसर्चेस, इन्फॉर्मेशन्स, इक्विपमेंट्स यांचे शेवटचे "स" काढा. "डिस्कस अबाउट" मधलं "अबाउट" काढा, ते आपल्या "विषयी चर्चा" मधून आलंय. "कलेक्टेड द सॅम्पल्स अँड अ‍ॅनालाइझ्ड द सेम" मधल्या "द सेम" ऐवजी "देम" घाला. वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या नेहमीच्या सातआठ चुका लिहून ठेवा, सगळ्या जगाच्या नको, फक्त आपल्या, आणि सबमिशनच्या आदल्या आठवड्यात एकेक चूक घेऊन कंट्रोल-एफ मारत अख्खा थिसिस फिरा. दोन दुपारी जातात.